हा फोटो खोटा नाही!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या शाळेत मुलांच्या हस्तकलेचे प्रदर्शन भरले होते. कागदी आकाशकंदील होते, मातीचे किल्ले होते, काडेपेटीच्या कागदांची झुंबरे होती. त्या सगळ्या रंगीबेरंगी गर्दीत, एका कोपऱ्यात, मुलांनीच काढलेला एक फोटो टांगलेला होता. शाळेमागचा कडुलिंब. रोज डबे खायला मुले ज्याच्या सावलीत बसतात, तोच. पण फोटोत आकाश काळेकुट्ट, ढग पिंजलेल्या कापसासारखे आणि कडुलिंब मात्र शेंड्यापासून खालच्या फांदीपर्यंत पांढराशुभ्र! खाली मुलांच्या अक्षरात लिहिले होते : ‘दुपारी एक वाजता, लख्ख उन्हात काढला.’

वाचकहो, त्या एका फोटोने जेवढी भांडणे लावली, तेवढी माझ्या चारही कादंबऱ्यांना मिळून लावता आली नाहीत!

पहिले गृहस्थ आले आणि दोन पावले मागे सरले. म्हणाले, “गुरुजी, हे काहून टांगलं इथं? त्या झाडाचं काही खरं नाही, आमचे आजोबा सांगायचे. आता फोटोतच दिसलं की!” दुसरे आले. ते तालुक्याला असतात, हातात महागडा फोन. ते हसले. “सर, आजकाल मोबाईलमध्ये असले दहा प्रकार येतात. पोरांनी तुम्हाला बनवलं.” तिसरे आले ते एका मुलाचे वडील. त्यांना ना भुताची भीती, ना फोनचा अभिमान. त्यांनी सरळ विचारले, “याच्यानं पोराला मार्क किती मिळतात? आम्ही सोयाबीन विकून फी भरतो, ती झाडाचे पांढरे फोटो काढायला नाही.”

भूत, बनावट आणि रिकामपण! एका बिचाऱ्या कडुलिंबावर तीन आरोप. त्या दिवशी मी हात जोडून गप्प बसलो, कारण प्रदर्शनात भांडू नये. दिवाळी अंकात मात्र भांडायला हरकत नसते. म्हणून आज या तिन्ही सज्जनांना मी जाहीर उत्तर देणार आहे. मी शास्त्रज्ञ नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले. हिंगोली जिल्ह्यातल्या एका खासगी शाळेत मी चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. म्हणजे कल्पित लिहिणे हा माझा जोडधंदाच आहे. खोटे कशाला म्हणतात हे निदान मला तरी कोणी शिकवू नये!

आधी त्या उजेडाची ओळख करून देतो, कारण सगळ्या भांडणाचे मूळ तिथे आहे.

इंद्रधनुष्यात तांबड्या पट्ट्यापाशी रंग संपतात असे आपण मानतो. ते संपत नाहीत. आपले डोळे संपतात. १८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल या ज्योतिषशास्त्रज्ञाने, ज्याने युरेनस ग्रह शोधला त्यानेच, लोलकातून उन्हाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. एक तापमापक त्याने तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे ठेवला. त्याचाच पारा सर्वांत जास्त चढला! काही नाही असे वाटणाऱ्या जागी काहीतरी होते. त्यालाच आज आपण अवरक्त किरण म्हणतो, इंग्रजी शिकलेली मुले इन्फ्रारेड म्हणतात.

पुढे १९१० साली अमेरिकेतल्या रॉबर्ट वुड या पदार्थवैज्ञानिकाने या किरणांनी काढलेले निसर्गाचे फोटो लोकांपुढे ठेवले. त्यांतही झाडे पांढरी आणि आकाश काळे होते. झाडांच्या या उजळण्याला त्याच्या नावावरून ‘वुड परिणाम’ म्हणतात. आमच्या एका विद्यार्थ्याने परीक्षेत ‘वुड म्हणजे लाकूड’ असे लिहिले होते. त्याची ही चूक मी प्रेमाने दुरुस्त करतो.

झाड पांढरे का दिसते? पानातले हरितद्रव्य तांबडा आणि निळा उजेड खाते, थोडा हिरवा परत टाकते, म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते. पण अवरक्त उजेड हरितद्रव्याला पचत नाही. तो त्यातून आरपार जातो, पानाच्या आतल्या भुसभुशीत, हवेच्या पोकळ्या असलेल्या थरात इकडून तिकडे आपटतो आणि जवळजवळ निम्मा उलटून बाहेर पडतो. ताज्या पानाचे हे तेज दिवसाढवळ्या आपल्यासमोर सांडत असते. आपल्याला ते दिसत नाही एवढेच. आकाश काळे का? कारण हवा निळा उजेड विखुरते, अवरक्त फारसा विखुरत नाही. ढगातले थेंब मात्र सगळेच परतवतात, म्हणून ढग पांढरे. आमची कयाधू उन्हाळ्यात जिथे संथ आणि स्वच्छ असते तिथे या फोटोत शाईसारखी काळी येते, कारण पाणी अवरक्त गिळते. पुराचे गढूळ पाणी तितके काळे येत नाही.

आता सांगा, यात भूत कुठे आले?

पहिल्या गृहस्थांना आणखी एक गोष्ट सांगायची आहे. आपल्याच गावच्या चौकात बसवलेला सीसीटीव्ही रात्री नीट पाहा. अंधार पडला की आत ‘टिक्’ असा बारीक आवाज होतो, भिंगामागची एक काच बाजूला सरते आणि भोवतीचे छोटे अवरक्त दिवे लागतात. मग पडद्यावर झाडे पांढरी होतात, गाईचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि भिंगाजवळून उडणारा साधा पतंग गोल, पांढरा, तरंगता गोळा दिसतो. या गोळ्यांनाच काही लोक ‘आत्मे’ म्हणून फोनवर फिरवतात! डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २०१३ साली हत्या झाली आणि त्याच वर्षी या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा भोंदूला धरील. पण पतंगाला आत्मा समजणाऱ्या डोळ्याला कोण धरणार? ते काम शाळेचे आहे.

आणि एक गैरसमज जाता जाता दूर करतो. करोनाच्या दिवसांत कपाळावर रोखून ताप मोजणारे पिस्तूल सगळ्यांनी पाहिले. तेही अवरक्त उजेडच ओळखते. पण तो फार लांबच्या पट्टीतला, साधारण आठ ते चौदा हजार नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा. मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाला नॅनोमीटर म्हणतात. आपला साधा कॅमेरा फार तर अकराशे नॅनोमीटरपर्यंत पोचतो. म्हणून त्याला माणसाच्या अंगाची ऊब दिसत नाही, आजार दिसत नाही, मेलेल्याचा ‘गारवा’ तर मुळीच दिसत नाही. त्याला दिसतो तो सूर्याचा किंवा दिव्याचा, वस्तूवर आपटून परत आलेला उजेड. जो कोणी असल्या कॅमेऱ्याने तुमच्या घरातली बाधा दाखवतो म्हणेल, त्याला दारातूनच रामराम करा.

आता दुसरे सज्जन. “मोबाईलमध्ये असले दहा प्रकार येतात!”

येतात ना! मी कुठे नाही म्हणतो? पण तो प्रकार आणि हा फोटो यांत नाटकातला राजा आणि खरा राजा एवढे अंतर आहे. फोनमधली ती करामत फोटोतला जो जो हिरवा रंग असेल तो पांढरा करते. तिला पान आणि परकर यांतला फरक कळत नाही. आमच्या शाळेच्या ओसरीत हिरवा रंग दिलेली एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यावर मी कडुलिंबाची ताजी डहाळी ठेवली. फोनने पेटीही पांढरी केली आणि डहाळीही. आमच्या कॅमेऱ्याने डहाळी पांढरी दाखवली आणि पेटी काळपट. प्रत्येक हिरवा रंग असाच वागेल असे नाही. पण कोण साक्षीदार खरा बोलतो आणि कोण पढवलेला आहे, हे ठरवायला एवढी उलटतपासणी पुरे! दुसऱ्या महायुद्धात विमानातून अवरक्त फिल्मवर फोटो घेत, ते याच तत्त्वावर. हिरवे रंगवलेले मोर्चे आणि तोडून वर टाकलेल्या सुकत्या फांद्या जिवंत झाडीतून वेगळ्या ओळखू येत.

आणि बनावट म्हणणाऱ्यांनी आमची खटपट एकदा पाहावी. ती मी सविस्तर सांगतो, म्हणजे ज्याला शंका असेल त्याने स्वतःच करून पाहावी. खोट्याला कृती लपवावी लागते. खऱ्याला ती सांगताना आनंद होतो.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सिलिकॉनची चकती असते. तिला अवरक्त उजेड जन्मतःच दिसतो. पण तो मिसळला तर नेहमीच्या फोटोचे रंग बिघडतात, म्हणून कारखान्यातच तिच्यापुढे एक काच बसवून तिचे डोळे बांधतात. धृतराष्ट्राशी लग्न लागले म्हणून गांधारीने पट्टी बांधली, तसा हा प्रकार. ही पट्टी किती घट्ट आहे ते पाहायची सोपी युक्ती म्हणजे टीव्हीचा रिमोट. त्याच्या टोकाचा छोटा दिवा कॅमेऱ्याकडे करून बटण दाबा. पडद्यावर जांभळट पांढरा ठिपका लुकलुकला, तर पट्टी सैल. जुन्या कॅमेऱ्यांत ती बहुधा सैल असते. २००४ सालचा निकॉन डी ७० हा कॅमेरा या गुणासाठी हौशी लोकांत अजून नावाजलेला आहे. म्हणजे नव्या बाजारात जो म्हातारा झाला, तोच या कामाला तरुण!

मग भिंगावर लावायची गाळणी. ही दिसायला जवळजवळ काळी काच असते. होया कंपनीची आर ७२ ही सर्वांत प्रसिद्ध. ती साधारण ७२० नॅनोमीटरच्या अलीकडचा उजेड अडवते आणि पलीकडचा सोडते. पैसे नसतील तर फोटोवाल्याकडे जुन्या रंगीत फिल्मचे, उजेड लागून धुतलेले काळे टोक मिळते. त्याचे दोन थर भिंगावर लावून मुलांना चमत्कार दाखवता येतो, फोटो थोडा धूसर येतो इतकेच. एक गोष्ट मात्र मी प्रत्येक मुलाकडून तीनदा वदवून घेतो. या काळ्या काचेतून सूर्याकडे कधीही, क्षणभरही पाहायचे नाही. डोळ्याला अंधार वाटतो, बाहुली मोठी होते आणि न दिसणारा उजेड आत शिरून पडदा जाळतो. दुखतही नाही, म्हणून जास्त भयंकर.

आता प्रत्यक्ष फोटो. इतर फोटोवाले पहाटे आणि सांजेला निघतात. आपण भर दुपारी निघायचे, कारण आपल्याला ऊन हवे. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा. काळी काच लावल्यावर जुन्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून काहीच दिसत नाही. म्हणून चौकट आधी ठरवायची, भिंग आधी स्पष्ट करायचे आणि मग काच फिरवून बसवायची. तरी फोटो किंचित अस्पष्ट येतो, कारण अवरक्त उजेड भिंगातून जरा वेगळ्या ठिकाणी एकत्र येतो. जुन्या भिंगांवर यासाठी एक लाल ठिपका किंवा रेघ कोरलेली असे. अंतराची खूण तिथपर्यंत सरकवायची. तसे चिन्ह नसेल तर भिंगाचे छिद्र लहान, आठ किंवा अकरा आकड्यावर ठेवावे, म्हणजे चूक झाकली जाते. संवेदनक्षमता शंभर-दोनशेच ठेवावी, नाहीतर फोटोवर रवाळ दाणे उठतात.

एरवी सेकंदाच्या अडीचशेव्या भागात जे काम होते, त्याला डोळ्यांवर पट्टी असलेल्या या कॅमेऱ्याला चार, दहा, कधी वीस सेकंदही लागतात. बोटाने बटण दाबले तर हात हलतो. म्हणून आपोआप उघडणारी घंटी लावून बाजूला व्हायचे. वारा सुटला की पाने पुसट होतात. म्हणून श्रावणातल्या पोळ्यासारखी वाट पाहायची, वारा पडेपर्यंत! काही भिंगांत फोटोच्या मधोमध एक फिकट डाग पडतो. अशा वेळी छिद्र थोडे मोठे करायचे, नाहीतर भिंग बदलायचे.

पहिला फोटो येतो तो कुंकवात बुडवल्यासारखा लालभडक. घाबरू नये. कॅमेऱ्याला ‘पांढरे कशाला म्हणायचे’ हे शिकवायचे असते. त्यासाठी उन्हातले हिरवे गवत चौकटभर घेऊन त्यालाच पांढरे मान, असे कॅमेऱ्याला सांगायचे. फोटो शक्यतो कच्च्या स्वरूपात, म्हणजे रॉ पद्धतीने साठवायचा. पुढे संगणकावर लाल आणि निळ्याची अदलाबदल केली तर आकाश निळसर होते आणि झाडे पांढरीच राहतात. हा रंग मात्र आपण दिलेला असतो. म्हणून आमच्या शाळेचा नियम असा : रंग बदलला, तर फोटोखाली तसे लिहायचे. आकार आणि उजेडाची तीव्रता उन्हाची, रंग आमचा. हे लपवले तर फोनवाल्या सज्जनांचा आरोप खरा ठरेल.

काही लोक कॅमेरा उघडून आतली पट्टीच काढून टाकतात. मग वीस सेकंदांचे काम पुन्हा निमिषात होते आणि हातात धरूनही फोटो निघतो. पण फ्लॅशच्या कॅमेऱ्यात वीज साठवणारा एक भाग असतो. बॅटरी काढल्यावरही तो तीनशे व्होल्टच्या आसपासचा झटका देऊ शकतो. हे काम मुलांचे नव्हे, माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्याचेही नव्हे. जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

एका माउलीने मला बाजूला घेऊन हळूच विचारले होते, “सर, याच्यातून कपड्याच्या आरपार दिसतं म्हणतात, खरं का?” प्रश्न योग्य होता आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देणे पाप झाले असते. काही पातळ, गडद रंगाच्या कृत्रिम कापडांतून अवरक्त उजेड थोडासा पार होतो, हे खरे आहे. १९९८ साली एका जपानी कंपनीच्या व्हिडिओ कॅमेऱ्यावरून याच कारणाने मोठा गदारोळ झाला आणि कंपनीला तो बदलावा लागला. म्हणून आमच्याकडे दुसरा नियम आहे : झाड, दगड, पाणी, आकाश यांचे फोटो, माणसाचा नाही. चाकूने भाजी चिरतात म्हणून तो सगळ्यांच्या हाती देत नाहीत आणि बोट कापते म्हणून स्वयंपाकघरातून हद्दपारही करत नाहीत.

आता उरले तिसरे गृहस्थ, सोयाबीन विकून फी भरणारे. त्यांच्यापुढे मात्र माझा आवाज आपोआप खाली येतो, कारण त्यांचा प्रश्न खरा आहे. ‘याचा उपयोग काय?’ दादा, तुमच्यासाठीच हा सगळा लेख लिहिला आहे.

आपले पणजोबा सावकाराकडे जात. सावकार खतावणी उघडी, काहीतरी लिही आणि म्हणे, “लाव अंगठा.” पणजोबांना वाचता येत नव्हते. खतावणीत काय लिहिले, ते त्यांना जमीन गेल्यावर कळले. म्हणून तर आजोबांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना शाळेत घातले.

आज तुमच्या शेताची नवी खतावणी आकाशात लिहिली जाते आणि ती याच न दिसणाऱ्या उजेडात लिहिली जाते!

हे माझे कल्पित नाही. १९७० च्या सुमारास पी. आर. पिशरोटी यांच्या मार्गदर्शनाखाली केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळाच्या बागांचे फोटो घेतले गेले. मुळे कुजवणाऱ्या रोगाने पछाडलेली झाडे निरोगी झाडांतून ओळखता येतात का, हे पाहण्यासाठी. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात या नारळांपासून झाली असे मानतात. मग १७ मार्च १९८८ रोजी आपला आयआरएस-१ए उपग्रह आकाशात गेला. त्याच्या कॅमेऱ्यांच्या चार पट्ट्यांतली एक अवरक्ताची होती. आज युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह आपल्या शेतांवरून दर काही दिवसांनी जातात आणि दहा मीटरच्या चौकोनापर्यंतचा तपशील टिपतात. आणि २०२३ साली केंद्र सरकारने पीकविम्यासाठी ‘यस-टेक’ नावाची पद्धत आणली. तिच्यात अशा दुरून घेतलेल्या चित्रांवरून उत्पन्नाचा अंदाज बांधतात आणि पीककापणी प्रयोगाच्या आकड्याशी त्याची सांगड घालतात.

या खतावणीतला हिशेब फार सोपा आहे. निरोगी पान तांबडा उजेड खाते आणि अवरक्त परत टाकते. म्हणून अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि त्या दोहोंच्या बेरजेने भागायचे. आकडा एकाच्या जवळ गेला तर रान हिरवेगार. शून्याच्या जवळ आला तर माती किंवा वाळलेले पीक. सातवीच्या मुलाला येणारे गणित! त्यासाठी दोन फोटो लागतात, एक साधा आणि एक अवरक्त. नुसता पांढरेपणा पाहून निकाल देऊ नये, कारण वाळलेले पानही अवरक्तात बऱ्यापैकी उजळ दिसू शकते. फरक पडतो तो तांबड्यात. आमच्या मुलांनी सोयाबीनचे एक ताजे पान, एक पिवळे पान आणि एक वाळलेले पान शेजारी शेजारी ठेवून हे करून पाहिले. त्या दिवशी मला वाटले, की मी चित्रकलेचा नव्हे, खतावणी वाचायला शिकवणारा मास्तर झालो आहे.

आणि खतावणी वाचता आली, की तिच्यातली कोरी पानेही दिसतात. अवरक्त उजेड ढगातून पार होत नाही. फोटोत ढग पांढरेफेक येतात ते त्याचमुळे. म्हणजे ऐन पावसाळ्यात, जेव्हा शेत पाण्याखाली असते, तेव्हाच आकाशातला हा डोळा पुष्कळदा मिटलेला असतो. रडारचे उपग्रह ढगातून पाहतात, पण तो उजेड निराळा आणि त्याचा हिशेबही निराळा. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला तो आपण विसरलो नाही. अशा वेळी शेतकऱ्याला एवढे तरी विचारता आले पाहिजे : ‘साहेब, हे चित्र कोणत्या तारखेचे? त्या दिवशी वर ढग होते का? माझ्या बांधापासून बांधापर्यंत किती चौकोन पडले?’ आमच्या शाळेच्या फोटोवर कोणी विमा मंजूर करणार नाही, हे मला कळते. पण प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा अंगठा कोणी धरून उठवू शकत नाही, हेही मला कळते. उपग्रहाला मी सावकार म्हणत नाही. उपग्रह बिचारा प्रामाणिक आहे. पण प्रामाणिक खतावणीसुद्धा न वाचता सही करणे हे शहाण्याचे लक्षण नव्हे.

आणि शेवटी आपल्या जिल्ह्याचीच गोष्ट. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या माळावर लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा उभी राहत आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेसरचा किरण धावणार आणि विश्वातल्या दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीने उठलेली थरथर मोजणार. अमेरिकेत अशी थरथर पहिल्यांदा १४ सप्टेंबर २०१५ रोजी पकडली गेली. हा लेसर कोणत्या रंगाचा असेल असे मी वर्गात विचारले. कोणी लाल म्हणाले, कोणी हिरवा. त्याचा रंगच नाही! त्याची लहर १,०६४ नॅनोमीटरची. म्हणजे तोही अवरक्त, आपल्या जुन्या कॅमेऱ्याच्या धावेच्या अगदी टोकाशी. ज्या जिल्ह्याच्या माळावर हा उजेड विश्वाचा कानोसा घेणार, त्या जिल्ह्याच्या मुलांना तो भूत वाटावा काय? त्यांनी त्या कुंपणाबाहेर फक्त चहाच्या टपऱ्या घालाव्यात काय? मुळीच नाही!

त्याच औंढ्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नामदेवांना कीर्तनाला देवळामागे पिटाळले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. मला देऊळ फिरवायचे सामर्थ्य नाही. मी मुलांची मान फक्त थोडी फिरवू पाहतो, तांबड्याच्या जरा पलीकडे.

तेव्हा वाचकहो, दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर, जुन्या लग्नाच्या अल्बमांमागे, एखादा डिजिटल कॅमेरा सापडेल. भंगारवाल्याला देऊ नका. बॅटरी भरा, रिमोट त्याच्यापुढे धरा आणि घरातल्या मुलांना बोलवा. ठिपका लुकलुकला, तर कॅमेरा जवळच्या शाळेला द्या. यंदाही आमचे प्रदर्शन भरणार आहे. कोपऱ्यात कडुलिंबाचा फोटो पुन्हा असेल आणि त्याच्या शेजारी सोयाबीनच्या तीन पानांचाही. तिसऱ्या गृहस्थांना मी खास निमंत्रण दिले आहे. त्यांचा मुलगाच त्या दोन फोटोंचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवणार आहे.